मारुतीच्या घरची डबल बार

राजौरी भागातल्या एका पोस्टवर मी बटालियनचा आर्मरर, म्हणजे हत्यारं तपासून दुरुस्त करणारा हवालदार होतो. रोज ०६०० वाजता हत्यारांची तपासणी असे. नाईक मारुती रायफल पुढं करायचा आणि काहीतरी विचारायचा. मी येळ्ळूरचा, तो काकतीचा. एकाच तालुक्यातले म्हणून त्याला तेवढी सूट होती.

"साहेब, आमच्या घरात इंग्रजांची डबल बार हाय, दोन नळ्यांची बंदूक. आजा म्हणायचा, कित्तूरच्या राणीच्या काळातली. खरं काय?"

"बघितल्याबिगर कसं सांगू?"

"मग सुट्टीला या की."

जाणं झालं नाही. एके दिवशी ०९४० वाजता गस्तीवर गेलेल्या तुकडीचा रेडिओवर निरोप आला.

"माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी वन. ओव्हर."

"कोण?"

"नाईक मारुती."

मारुती गेल्यावर चार महिन्यांनी मी पेन्शनवर घरी आलो. पाठोपाठ मारुतीच्या वडिलांचा, आप्पांचा, फोन आला. बंदुकीचं लायसन्स रिन्यू करायचं होतं. बंदूक कुठं बनली आणि कुठल्या सालची ते लिहा, नाहीतर जमा करा, असं ऑफिसात सांगितलं होतं.

काकतीला पोचलो. बंदूक हातात आली की आधी ती रिकामी आहे का ते बघायचं, ही सवय. लिव्हर फिरवून उघडली. डाव्या नळीत नवं काडतूस होतं. मी ते काढून बाजूला ठेवलं.

दोन नळ्यांमधल्या वरच्या पट्टीवर मुंबईच्या एका दुकानाचं नाव होतं. ते विकणाऱ्याचं. बनवणाऱ्याची खूण नळ्यांच्या खालच्या बाजूला सापडते. नळ्या सुट्या करून भिंग धरलं. बर्मिंगहॅमच्या चाचणीचे शिक्के दिसले. शेजारी इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल', म्हणजे एकच मोठी गोळी घालू नये. हा शिक्का साधारण १८७५ ते १८८७ या काळातच मारत. बनवणाऱ्याची फक्त दोन अक्षरं होती. त्यावरून नाव कळेना.

"कित्तूरच्या राणीच्या काळातली न्हवं, आप्पा. तवा असली काडतुसाची बंदूक न्हवती. पर सव्वाशे वर्षांच्या वरची हाय."

पुसल्यावर नळ्यांवर वळ्या दिसल्या. लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून ठोकलेल्या नळ्या. बंदुकीच्या जुन्या, कमी जोराच्या काळ्या दारूसाठी केलेल्या.

"ह्यात आजकालचं काडतूस उडवलं, तर नळी फुटंल. हात जाईल. कुणी भरलं व्हतं?"

"मीच." आप्पा खाली बघत म्हणाले. "पोराला आणलं त्या दिवशी. पलटणीनं सलामी दिली. म्हटलं, घरचीबी एक द्यावी. पर हात उचललाच न्हाय."

मी फॉर्म भरला. बनली बर्मिंगहॅमला, साल अंदाजे १८७५ ते १८८७, कारागीर अज्ञात. सही केली. आप्पांनी चहा सांगितला.

"तुमच्याजवळ कसा व्हता वो आमचा मारुती?"

स्फोटाच्या दिवशी मारुतीची रायफल माझ्याकडे जमा झाली होती. बाहेरून चिखलानं भरलेली. मी बॅरल उजेडाकडे धरून बघितलं होतं. आत एक कण नव्हता. सकाळीच त्यानं साफ केलं होतं.

आप्पांना मी तेवढंच सांगितलं.