सव्वा तासाचं माहेर

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि त्यासाठी सातव्या महिन्यात मुलीला घेऊन यायचं, ही आमची रीत. आम्ही कर्जतजवळच्या कळंबचे, माझी मुलगी पार नांदेडला दिलेली. सातव्यात तिचा बाप आणायला गेला, तर जावयाने मोबाईल काढून दाखवला. नांदेडचं विमानतळ ते पुण्याचं विमानतळ, फक्त सव्वा तास. नवव्यात मीच आणून सोडतो म्हणाला.

आमचे हे रिकाम्या हाताने परत आले, पण तोंडभर विमान घेऊन. "सव्वा तास गं. कर्जतच्या बाजारात जाऊन यायला जास्ती लागतो."

शेजारीण पडवीत बसली होती. ती म्हणाली, "भावजी, विमान कळंबला अंगणात उतरणार हाय का?"

मला हसू आलं. जावयाला फोन करून सांगायला हवं होतं की पुण्याहून कळंबला यायला अर्धा दिवस जातो, खंडाळ्याचा घाट आहे, तिचं पोट आहे. पण त्याच्याशी बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. चौथी शिकलेली सासू इंजिनियरला अंतर काय सांगणार?

नवव्यात मुलगी आणि जावई दोघं नांदेडच्या विमानतळावर गेली. तिथल्या बाईने पोट बघून डॉक्टरांचं पत्र मागितलं. दिवस इतके भरत आल्यावर घेत नाहीत म्हणाली. ज्याने आकाशातलं अंतर मोजलं, त्याला बायकोचे महिने मोजता आले नाहीत. मुलीने तिथूनच रडत फोन केला, "आई, आता तूच ये गं."

कल्याणच्या पुढे मी कधी एकटी गेले नव्हते. आळीव, सुंठ, माझ्या जुन्या लुगड्यांची मऊ फडकी पिशवीत भरली. पहाटे टेंपोतून नेरळ, तिथून कल्याण, मग दिवसभर गाडीत. प्रत्येक स्टेशनची पाटी वाचत गेले. चौथी तेवढ्याला पुरली.

दिवेलागणीला नांदेडला पोचले तेव्हा मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. तिने माझा हात धरला तो नात होईपर्यंत सोडला नाही. इकडे कळंबला घरी तिच्यासाठी विणून घेतलेली बाज तशीच रिकामी राहिली.

सकाळी दवाखान्यात जावई म्हणाला, "आई, विमानाने आला असतात तर दमला नसतात. सव्वा तास फक्त."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्याकडे नीट बघून बोलले. "जावईबापू, ह्या खाटेपासून माझ्या चुलीपर्यंत मोजा. मग सांगा."

त्याने मान हलवली. मला वाटलं, समजलं. थोड्या वेळाने बाहेर कुणाला तरी फोनवर सांगत होता, "बारशाला या की. पुणे नांदेड, सव्वा तास."

मी नातीचं फडकं बदललं.