खर्डीचा धूर

मुंबईहून नाशिकला एकट्याने विमान न्यायचं आणि तिथे उतरवायचं, तरच उड्डाणाचे ते तास वैमानिकाच्या परवान्यासाठी धरले जाणार होते. नव्वदच्या दशकातलं ते जुनं विमान, वाट दाखवणारं यंत्र त्यात कुठलं! खाली रेल्वेचे रूळ धरायचे : आटगाव, मग खर्डी, पुढे घाट. खर्डीला आमचा पाडा. त्या सकाळी डोक्यावरून जाणार, हे मी घरी हौसेने सांगून ठेवलं होतं.

आटगाव मागे पडलं आणि खाली सगळं पांढरं झालं. रूळ गेले, शेतं गेली, समोरचे डोंगरही गेले. काचेला नाक लावून मी वेड्यासारखा रूळ शोधत होतो. तेवढ्यात जळत्या पालापाचोळ्याचा, शेणाचा वास आत आला आणि मला रडूच फुटलं. राब! भाताची रोपं करायची जमीन आमच्याकडे अशीच भाजतात. पण अरे, अख्ख्या पाड्याने एकाच सकाळी?

डोंगरावर आपटायच्या भीतीने मी वर चढत विमान वळवलं आणि निघालो होतो तिथेच परत उतरलो. ते तास फुकट गेले. पुन्हा कधी पाठवतील, कोणी सांगेना.

संध्याकाळी घरी पोचलो तर आई दारातच उभी.

"मीच सगळ्यांना सांगलं, आजच पेटवा. पोराला वरून घर कळाया पायजे. धूर दिसला ना रे?"

"दिसला गो," मी म्हणालो. "दुसरं कायच नाय दिसलं."

तिचं तोंड केवढं उजळलं!