सेकंडवाले गोपीअण्णा

वत्सलावहिनींचा फोन आला तेव्हा मी अण्णा नगरला ऑफिसचा जिना चढत होते. "हे गेले गं सकाळी," एवढंच त्या म्हणाल्या. हृदय थांबलं होतं, झोपेतच. त्याला आता सहा आठवडे होतील...

वहिनींचे यजमान गोपीनाथ राव, आमचे गोपीअण्णा, एका विमा कंपनीत कारकून होते, पंचावन्नच्या घरातले. मी साताऱ्याहून नोकरीसाठी चेन्नईत आलेली. आमची ओळख झाली ती एका जुन्या फायटिंग गेममुळे. दोन लढवय्ये समोरासमोर उभे राहतात, ठोसे, लाथा, आणि ज्याचा दम आधी संपेल तो हरला. वेस्ट मांबलमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी हा गेम खेळणारे पंधरा-वीस जण जमायचे. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून ते एकदम मराठीत म्हणाले, "ये की आंत! कॉफी घेतीस?" त्यांची मराठी तंजावूरकडची, तमिळच्या चालीवर डुलणारी. मुलं घरात तमिळ नाहीतर इंग्रजी बोलत. आई गेल्यापासून आपली मराठी गंजली, असं ते म्हणायचे. माझ्याशी ती घासूनपुसून बोलायचे.

त्या हॉलमध्ये दोन पक्ष होते. गेमच्या दुसऱ्या भागावर वाढलेले ते सेकंडवाले, तिसऱ्या भागावर जीव असलेले आम्ही थर्डवाले. सेकंडमध्ये जॉयस्टिक झपाट्याने गोल फिरवली की मोठा वार निघतो, सगळी करामत मनगटात. थर्डमध्ये समोरचा ठोसा येताना मागे सरायचं नाही, नेमक्या क्षणी जॉयस्टिकला पुढे एक हलका झटका द्यायचा, ठोसा अडतो. सेकंडवाल्यांना ही लबाडी वाटे. आम्हाला त्यांचा गेम जुनाट वाटे. थट्टामस्करी चालायची, पण खोल कुठेतरी दोन्हीकडे राग होता. एका वर्षी आमच्या स्पर्धेची अंतिम लढत कुठल्या भागात घ्यायची यावर हात वर केले, तेव्हा थर्ड एका मताने जिंकलं. गोपीअण्णा "सरि, तसंच करू" म्हणत कॉफी करायला उठले. पण मुरली, त्यांचा शाळेपासूनचा तमिळ मित्र, आम्हाला लबाड म्हणाला. आमच्यातल्या एकाने उत्तर दिलं, "हे घर नाही, म्हाताऱ्यांचं म्युझियम आहे." मी हसले. मान वर केली तर गोपीअण्णा कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभे होते.

पुढच्या रविवारपासून थर्डवाले अण्णा नगरला जमू लागले. मीही तिकडेच गेले. दोन वर्षं मी त्यांना साधा फोन केला नाही. काय बोलणार होते?

मग त्यांचाच आला. "मंगळवारी येतीस का? एकटीच ये."

संध्याकाळी गेले. त्यांनी डावा हात जॉयस्टिकवर ठेवला. तो थरथरत होता. "आता हे गोल फिरत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या थर्डमध्ये ते अडवणं आहे ना, पुढे एकच झटका... तेवढं मला शिकव. मुरलीला मात्र कळायला नको."

"अण्णा, त्या दिवशी मी हसले होते..."

"पाहिलं की मी. बस आता इथे."

सहा महिने दर मंगळवारी आम्ही खेळलो. ते दर वेळी हरत आणि थर्डला शिव्या घालत. संगीतसुद्धा धड नाही म्हणत. एका संध्याकाळी मात्र त्यांनी माझ्या सलग चार लाथा अडवल्या आणि एका साध्या ठोशात मला पाडलं. "वत्सला, लवकर ये!" वहिनी ओले हात पुसत येईपर्यंत पडद्यावर दुसरंच काही होतं. म्हणून वहिनींना दाखवायला अण्णा पुन्हा खेळले, आणि हरले.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी दोन्ही पक्ष त्या हॉलमध्ये आले. किती दिवसांनी. मुरलीने टीव्ही लावला, गेमचं मशीन सुरू केलं, आणि पडद्यावर थर्ड उघडलं.

"हे यात कोणी घातलं?" त्याने विचारलं.

"माझं आहे," मी म्हणाले. "इथे विसरले होते."

पण मशीनने खेळणाऱ्यांची यादी ठेवली होती. त्यात 'गोपी' असं नाव होतं, पुढे पराभवांची लांब ओळ आणि एक विजय. मुरली ते वाचत राहिला. माझी मान खाली गेली. तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला तमिळमध्ये म्हणाल्या, "त्यांचंच आहे ते. हिच्याकडून शिकत होते. त्यांना या गेमची लाज नव्हती, मुरली. त्यांचा हात थरथरतो, ते तुला दिसेल याची होती."

मुरलीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग सतरंजीवर थोडा सरकून त्याने माझ्यासाठी जागा केली. "त्याला जमलं होतं ते दाखव," म्हणाला.

ही हकीगत लिहू का, असं मी वहिनींना विचारलं. "लिही," त्या म्हणाल्या. "आता कोणापासून लपवायचं?"

मंगळवारी संध्याकाळी मुरली तिथे येतो, मीही जाते. यादीत 'गोपी'च्या खाली आता 'मुरली' असं एक नाव आहे. त्याच्यापुढे अजून एकही विजय नाही.