सिस्टरांच्या चार ओळी

सिस्टरांच्या दुकानात मेलेल्या लेखकाला जागा नव्हती. एखादा लेखक गेल्याची बातमी आली, की त्याच संध्याकाळी त्या त्याची पुस्तकं फळीवरून उतरवायच्या, कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि दाराबाहेरच्या बाकड्यावर मांडायच्या. "त्यांच्यासाठी लायब्रऱ्या हायत, पुतळे हायत," त्या म्हणायच्या. "ज्याला उद्या सकाळी उठून परत लिहायचंय, त्याचं आज कुणीतरी वाचलं पायजे."

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दोन मोठ्या दुकानांच्या मधे त्यांचा अरुंद गाळा होता. भुशी धरणाला निघालेले पर्यटक रेनकोट निथळत आत शिरायचे आणि भिंतभर पुस्तकं बघून गोंधळायचे. "चिक्की शेजारी," सिस्टर मान वर न करता सांगायच्या. "पण आलायसा तर एक चाळून जा." दहातला एखादा खरंच थांबायचा.

नर्स म्हणून चौतीस वर्षं त्यांनी अंदर मावळातल्या वाड्यावस्त्या पायी तुडवल्या होत्या. लसी टोचल्या, बाळंतपणं केली. निवृत्तीनंतर त्या घरात बसून राहतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण पुस्तकांचं दुकान काढतील असंही वाटलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या आबांनी देव्हारा काढला आणि त्या फळीवर पुस्तकं ठेवली. मी फळ्या वाढवल्या. दुसरं काय केलं?"

मी तेव्हा बाजारातल्याच एका विमा कार्यालयात नोकरीला होते आणि राहायला बेगडेवाडीला. ऑफिस सुटल्यावर माझ्या लोकलला पाऊण तास असायचा. तो पाऊण तास मी सिस्टरांकडे काढायची. पण तिथं निवांत बसणं अशक्य. दुकानात खुर्चीच नव्हती. सिस्टर सतत हलत असायच्या. काल कादंबऱ्यांच्या फळीवर असलेलं पुस्तक आज मातीवरच्या पुस्तकाशेजारी, उद्या आणखी कुठं. कारखान्यातल्या कामगारानं लिहिलेल्या कथा, कानडीतून आलेली कादंबरी, कर्करोगातून उठलेल्या बाईची डायरी, धरणाखाली गेलेल्या गावांचा अभ्यास, कवितांची पातळ पुस्तकं; सगळी एकमेकांत मिसळलेली. एका प्राध्यापकांनी सुचवलं, की ललित वेगळं ठेवा आणि वैचारिक वेगळं. सिस्टर म्हणाल्या, "सर, धरणावरचं पुस्तक वाचल्याबिगर ती शेजारची कादंबरी कळायची न्हाई. वेगळं ठेवून काय करू?"

पुस्तक त्या औषधासारखं द्यायच्या. गिऱ्हाइकाचा चेहरा बघायच्या, दोन प्रश्न विचारायच्या, आणि मागितलेलं सोडून भलतंच हातात ठेवायच्या. "आठवडाभर घ्या. उतार पडला न्हाई तर परत आणा." माझी आई गेली त्या महिन्यात त्यांनी मला कोळ्यांवरचं पुस्तक दिलं, म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळी विणणाऱ्या किड्यांवरचं. मला रागच आला. पण रात्री दहा पानं वाचली आणि कितीतरी दिवसांनी झोप लागली.

एका फेब्रुवारीत पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यात त्यांच्या मुलीचं, सुमेधाचं आत्मकथन होतं. सुमेधा कोल्हापूरला कॉलेजात शिकवायची. आपला नवरा लवकर गेल्यावर सिस्टरांनी तिला तळेगावच्या वसतिगृहात ठेवून वाढवलं होतं. ती काही लिहितेय हे त्यांना माहीत होतं. काय, ते माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक दर्शनी फळीवर होतं आणि सिस्टरांचे डोळे सुजलेले होते.

पुस्तक चांगलंच होतं. एकटेपणाबद्दल, वसतिगृहातल्या पातळ आमटीबद्दल, आईवरच्या रागाबद्दल तिनं काही लपवलं नव्हतं. पण लोकांना भावलं ते पान एकशे बारा. नऊ वर्षांच्या सुमेधाला कावीळ झाली, निरोप गेला, पण आई तिसऱ्या दिवशी आली. त्या रात्री एका वाडीवर कुणी बाई अडली होती, मूल आडवं होतं, ओढे भरले होते. 'माझी आई त्या रात्री दुसऱ्या कुणाची तरी आई झाली होती,' असं सुमेधानं लिहिलं होतं, आणि मोठी झाल्यावर आपण तिला माफ केलं, असंही.

लोक येऊन सिस्टरांचे हात हातात घ्यायचे. एक बाई तर त्यांच्या पाया पडायला वाकल्या. सिस्टर मागं सरकल्या, फळीला धडकल्या, चार पुस्तकं खाली पडली. मग त्या पुस्तक बांधून देताना सांगायला लागल्या, "सगळं वाचा. फक्त एकशेबारावं पान सोडून." लोकांना तो विनय वाटायचा. मला दिसत होतं, की पुस्तकं हलवण्याचा त्यांचा वेग वाढलाय. एकच पुस्तक एका संध्याकाळी तीन जागी फिरायचं.

एप्रिलमध्ये सुमेधा दुकानात वाचनाला आली. पंधरा-वीस माणसं आली होती. शेजारच्या चिक्कीवाल्यांनी स्टुलं दिली. वाचन झालं आणि एका निवृत्त शिक्षकांनी उभं राहून त्याच पानाचं कौतुक सुरू केलं. त्याग, सेवा, मातृत्व. सिस्टर दाराशी उभ्या होत्या.

"ते खरं न्हाई," त्या म्हणाल्या.

शिक्षक थांबले. सुमेधानं वळून बघितलं.

"त्या रातीला कुणीबी अडलं नव्हतं. ती बाई त्या दिवशी पहाटंच बाळंत झालती. निरोप मला दुपारी मिळाला. शेवटची एसटी समोर उभी होती. मी दार लावून घेतलं आणि झोपले."

"आई, तूच सांगितलं होतंस मला बाळंतपणाचं," सुमेधा हळू म्हणाली.

"व्हय. खोटं सांगितलं."

सुमेधानं चष्मा काढला, परत घातला, पिशवी उचलली आणि गर्दीतून वाट काढत निघून गेली. स्टुलं परत द्यायला त्या दिवशी कुणी थांबलं नाही. मीच दिली.

त्यानंतर सुमेधानं फोन उचलला नाही. पावसाळा सरत आला. शेवटी सिस्टरांनी पत्र लिहायचं ठरवलं. दुकानभर लिहिणारी माणसं, पण सिस्टरांनी आयुष्यात लसीकरणाच्या रजिस्टरापलीकडं काही लिहिलं नव्हतं. आठ दिवस त्या कागद चुरगाळत होत्या. मग एका संध्याकाळी त्यांनी एक कागद माझ्या हातात दिला. "शुद्धलेखन तेवढं बघा, ताई."

चार ओळी होत्या. 'निरोप मला दुपारी मिळाला. एसटी समोर उभी होती. तू आजारी आहेस हे मला कळलं होतं. मी झोपले.'

"पण का झोपलात?" मी विचारलं. सहा महिने हा प्रश्न माझ्या तोंडाशी होता.

त्या फडकं घेऊन फळी पुसायला लागल्या. "त्याच्या आधी तीन राती डोळ्याला डोळा लागला न्हवता. आधी एक विंचूदंश, मग तीच बाई दोन राती अडलेली. उभं राहिलं तरी भुई फिरत होती."

"मग हे लिहा ना! हे तर महत्त्वाचं आहे."

"न्हाई." त्यांनी मान हलवली. "ते लिहिलं की ती लगेच मला माफ करल. आधी चुकीच्या कारणानं केलं, आता दुसऱ्या कारणानं करल. मला कारण नगं. ती एसटी चुकली न्हवती, ताई, मी ती जाऊ दिली. एवढं वाचून तिला काय वाटतंय ते बघायचंय मला."

पत्र टाकायचं काम माझ्याकडं होतं. टपालपेटी माझ्या वाटेवरच, स्टेशनात होती. मी फलाटावर बसले. लोकल यायला वेळ होता. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. माझ्या आईनं मला न सांगितलेल्या, आता कधीच न कळणाऱ्या गोष्टी डोक्यात फिरायला लागल्या. मी डायरीचा एक कपटा फाडला आणि लिहिलं, 'त्याआधी सलग तीन रात्री त्या जाग्या होत्या. हे त्यांनी लिहू दिलं नाही.' खाली माझं नाव घातलं. चिठ्ठी आत सरकवली, पाकीट बंद केलं आणि पेटीत टाकलं. टाकल्याक्षणी वाटलं, काढता आलं तर बरं.

तीन आठवड्यांनी मी दुकानात शिरले, तर सुमेधा आणि सिस्टर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून एका डब्यातून जेवत होत्या. सिस्टरांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सुमेधा मला बघून हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपटा माझ्यापुढं धरला. "मी कागद तपासाया दिलता, ताई. वाढवाया न्हाई."

"तुमचं भलं व्हावं म्हणून..." मी म्हणाले आणि माझं मलाच ते वाक्य ऐकवेना.

"मीबी सुमीला तसंच सांगितलतं. तिचं भलं व्हावं म्हणून."

माझी लोकल त्या दिवशी चुकली. पुढची येईपर्यंत मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिले.

त्यांनी बोलणं टाकलं नाही. पुस्तकंही देत राहिल्या, पण मी मागितलेलीच. माझा चेहरा बघून काढून दिलेलं एकही पुस्तक त्यानंतर मिळालं नाही.

सुमेधानं पुढच्या आवृत्तीत ते पान बदललं. आईच्या चार ओळी जशाच्या तशा छापल्या आणि खाली पाचवी, त्या तीन रात्रींची. दुकानात पंचवीस प्रती आल्या. मी गेले तेव्हा सिस्टर फूटपट्टी लावून निळ्या पेनानं एकेका प्रतीतली पाचवी ओळ खोडत होत्या. सुमेधा शेजारी उभी राहून त्यांना पुढची प्रत उघडून देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "आई, तू इथल्या खोड. बाकीच्या तर गेल्या सगळीकडं," ती म्हणाली. "माझ्या दुकानात तरी खरं कारणाबिगर विकलं जाऊ दे," सिस्टर म्हणाल्या.

मग त्यांचे गुडघे गेले. फळ्यांपाशी उभं राहवेना, आणि बसून दुकान चालवणं त्यांना मान्य नव्हतं. गेल्या वर्षी सुमेधा त्यांना कोल्हापूरला न्यायला आली. पुस्तकं अंदर मावळातल्या शाळांना वाटली. कुठली कुठं जायची याची यादी सिस्टरांनी तीनदा बदलली. गाळ्यात आता तिसरं चिक्कीचं दुकान आहे.

मी स्टेशनवर गेले होते. सुमेधा सामान लावायला आत गेली आणि सिस्टर दाराच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. मी सांगून टाकलं, की माझं चुकलं; त्या दिवसापासून मला स्वस्थता नाही.

त्यांनी मला नीट बघितलं, पूर्वी पुस्तक द्यायच्या आधी बघायच्या तसं.

"ती आली, हे बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पण माझ्या चार ओळींनी आली का तुमच्या एका ओळीनं, हे आता मला कधीच कळायचं न्हाई. तिला इचारलं तरी ती खरं सांगंल का? शेवटी माझीच पोर."

गाडी हलली. त्यांनी हात वर केला; निरोपाचा की मला मागं सरकायला सांगणारा, ते कळलं नाही. मी मात्र गाडीबरोबर फलाट संपेपर्यंत चालत गेले.