गुलालाचं बुकिंग

शिक्षण, धंदा आणि राजकारण या तिन्ही क्षेत्रांत मी आमच्या गावात शेवटून पहिला आहे. दहावी तिसऱ्या दणक्यात निघाली. एसटीडी बूथ टाकला तेव्हा म्हशी राखणारेसुद्धा मोबाईलवर बोलत होते. ग्रामपंचायतीला दोनदा उभा राहिलो, दोनदा आडवा झालो! दोन्ही वेळा गुलाल उधळला तो समोरच्या नानांनी.

यंदा सरपंचपद महिलांसाठी राखीव निघालं आणि आमच्या सौभाग्यवती मंगल उभ्या राहिल्या. समोर नानांच्या मंडळी. मंगल लग्नानंतर बी.ए. झाली, माझ्या बंद बूथमध्ये तिनं दूध संकलन केंद्र काढून ते चालवून दाखवलं. म्हणजे दोन ठिकाणी घराची अब्रू तिनं आधीच वाचवलेली. राहिलं राजकारण. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपल्या अंगावर गुलाल पडावा, एवढंच माझं म्हणणं होतं.

मतमोजणी पारनेरला होती. मी कडक इस्त्री करून तयार.

"कुठं निघालात?" मंगलनं विचारलं.

"मोजणीला."

"दोनदा गेल्तात, काय झालं? गावातच थांबा. आन निकाल लागेस्तोवर कशालाबी हात लावू नका!"

ती भावाला घेऊन गेली. मी हात न लावता किती वेळ बसणार? आमच्याकडं अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र ठीक आहे, पण जेसीबीच्या बकेटातून गुलाल पडल्याशिवाय माणूस निवडून आला असं कुणी मानत नाही. आणि गावात जेसीबी एकच, बापूचा. दोन्ही वेळा तो नानांनी आधी गाठलेला. म्हणून या वेळी मी अर्ज भरायच्या आधीच बुकिंग करून टाकलं होतं! (घोषणा देणारे नंतर शोधले.)

दुपारी जेसीबी दारात आला. गुलालाची तीन पोती बकेटात टाकली आणि तोंडं सोडायला मी स्वतःच आत उतरलो. गाठी सोडतोय तोवर बापूचा फोन वाजला. दोन वॉर्डांत मंगल साठ मतांनी मागं!

"भाऊ," बापू केबिनमधून ओरडला, "बुकिंग निवडून येनाराचं असतंय. मी नानाकडं चाललो!"

"आरं, मी आत हाय! मी आत हाय!"

इंजिनाच्या आवाजात ऐकतो कोण! बकेट वर गेलं आणि मी पोत्यांसकट अख्ख्या गावावरून नानांच्या चौकात निघालो. कुणी रामराम घातला की घालणं भाग होतं, वरूनच घातला.

चौकात डीजे दणाणत होता. मला बघून नाना गहिवरले. "या भाऊ या! उशिरा का हुईना, आमच्या गटात आलात!" बापूनं बकेट डोक्याइतकं खाली घेतलं आणि उलटं केलं. आधी तीन पोती गुलाल, मग मी. नानांनी मला झेललं, गळ्यात हार घातला. मी नाही-नाही म्हणेपर्यंत दहा-पंधरा मोबाईलांत माझे फोटो निघाले.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. डीजे थांबला. तिसरा वॉर्ड मळ्यातल्या वस्तीचा, सगळे मंगलकडं दूध घालणारे. तिथं ती एकाहत्तरनं पुढं. मंगल अकरा मतांनी सरपंच!

"भाऊ," बापू लगबगीनं म्हणाला, "बसा बकेटात. तुमचं बुकिंग हाय न्हवं!"

बसलो. मागून डीजे निघाला, त्याच्यामागं नानांची निम्मी मिरवणूक. वेशीत मंगलची जीप आली. पोती केव्हाच रिकामी झाली होती. मग मी डोक्यावरचाच गुलाल खरवडला आणि तिच्या कपाळाला लावला. मला रडू आवरेना. खरं सांगतो, दहावी निघाली तेव्हासुद्धा एवढा आनंद झाला नव्हता!

"कुनाचा म्हनायचा हा गुलाल?" तिनं विचारलं.

"आपलाच की!"

"आन गळ्यातला हार?"

आता ग्रामपंचायतीत सरपंचांच्या खुर्चीसमोर एक मोठा फोटो लावलाय. मागं नानांच्या मंडळींचा बॅनर, पुढं नानांच्या मिठीत लालभडक मी. मॅडमना कारभाराचा सल्ला द्यायला मी तोंड उघडलं, की त्या नुसतं त्या फोटोकडं बोट दाखवतात. मग मी बाहेर जाऊन सगळ्यांना चहा सांगून येतो.