डॉक्टरांच्या खोलीत बोललेलं खोटं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. आधी मुलीचं लग्न होऊ दे म्हणून, मग तिच्या सासरी कळायला नको म्हणून. आता कारणं संपली आहेत.

माझा मुलगा कुपवाडला एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. शेजारच्या मशीनवर जोडीदाराची बोटं गेली. माणसं कमी पडली म्हणून ह्याला सलग डबल ड्युटी लागली. झोप तुटली. मशीन बंद असतानाही मागून कुणीतरी "हात काढ" म्हणतं, असं तो सांगू लागला. वळून बघायचा, तर कुणी नसायचं. कुणी नाही हे त्यालाही कळायचं, तरी तो हात मागे घ्यायचा.

सांगलीच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मुलीची सुपारी नुकतीच फुटली होती. साताऱ्याचे व्याही त्या दिवशी घरी आलेले. "माझी गाडी हाय की, पाव्हणं. एसटीनं कशाला?" पोराला झोप येत नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. बाहेर थांबा म्हणायच्या आत ते खोलीत येऊन बसले.

मुलाने आवाजाचं सगळं सांगितलं. डॉक्टर त्याला म्हणाले, "फार ताण पडला, झोप गेली, की काही जणांना असं होतं. म्हणजे वेड लागलं असं नाही." मग माझ्याकडे वळले. "घरात आणखी कुणाला असं झालं होतं का? थोडंफार रक्तातून येतं हे. कळलं तर बरं."

व्याही हसले. "आमच्यात तर बायकोनं हाक मारली तरी ऐकू येत न्हाई!"

माझी आई चुलीपुढे बसून कुणाला तरी उत्तरं द्यायची. फौजेत सीमेवर असताना, झोपेविना, मलाही तिची हाक ऐकू यायची. ती तेव्हा गावी जिवंत होती. मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, नोकरीवर येईल म्हणून मी गप्प राहिलो. सुट्टीवर येऊन आठ दिवस झोपलो, तेव्हा ते थांबलं. पुन्हा कधी आलं नाही.

हे सगळं जिभेवर आलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात कुणालाच न्हाई."

परतताना व्याही डिझेल भरायला उतरले, तेव्हा पोरगा हळूच म्हणाला, "मग मलाच का वो, आप्पा?"

"मन घट्ट कर," मी म्हणालो.

गोळ्यांनी दोन महिन्यांत आवाज थांबला. पण खोट आपल्या एकट्यातच आहे, हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. स्थळं आली, तर म्हणाला, "माझ्यासंगं दुसऱ्याची माती कशाला?" नोकरी सोडली. आता आटपाडीकडे मामाच्या शेतावर एकटा राहतो. दारात कुणी हाक मारली, तर माणूस दिसेपर्यंत ओ देत नाही.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. हाक मारली. त्याने आधी खिडकीतून बघितलं, मग दार उघडलं. चहा पुढे ठेवला. "बोला की, आप्पा. काय काम काढलं?"

एसटीत सगळी वाट घोकत आलो होतो. "औंदा पाऊस न्हाई," म्हणालो, आणि परतीची गाडी धरली.

घोकलेलं होतं ते एवढंच: मलाबी ऐकू यायचं, बाळा. तुझ्या आजीलाबी. मी खोटं बोललो. माझं चुकलं.