बुधवारचा हेख्ट

मासे गरवणं मला जर्मनीने शिकवलं. हे मालवणात सांगायची सोय नाही, लोक तोंडावर हसतील. समुद्रकाठी जन्मलो, पण गळ कधी हातात धरला नव्हता. मासा आई बाजारातून आणायची आणि आपण खायचा, एवढंच माहीत. र्युसेल्सहाइमला नोकरी लागल्यावर प्लांटमधल्या एका निवृत्तीला आलेल्या सहकाऱ्याने मला या नादाला लावलं. आधी परीक्षा दिली, मग परवाना मिळाला, आणि मग दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं मेन नदीला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर जाऊ लागलो.

आमचं लक्ष्य एकच, हेख्ट. लांबट, हिरवट, चपट्या तोंडाचा आणि दातांनी भरलेला मासा. दोरा कुरतडतो म्हणून पुढे स्टीलची तार लावावी लागते. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याला धरायला बंदी, तेव्हा तो अंडी घालत असतो. बंदी उठली की उथळ, ऊन लागणाऱ्या पाण्यात लहानसं आमिष हळूहळू ओढायचं, कारण तो दमलेला असतो. उन्हाळ्यात भल्या पहाटे जायचं आणि पाणवनस्पतींच्या वरून चमच्याच्या आकाराचं पत्र्याचं आमिष चमकवत न्यायचं. थंडीत मेलेला मासा तळाशी सोडून बसायचं आणि स्वतःचेच पाय गोठवायचे. पण खरा मोसम शरदाचा. नदी वळते तिथल्या खोल बाजूला, पडलेल्या झाडाच्या आडोशाला तो दबा धरून राहतो. तिथे आमिष म्हणून वीतभर रबरी मासा अगदी सावकाश आणायचा. गळाला पानं अडकतात, चिडचिड होते, पण घाई करायची नाही. सहकारी म्हणायचा, हेख्ट कुठे जात नाही, त्याच वळणावर असतो, तूच चुकीच्या जागी बघतोस.

हे सगळं मी आईला फोनवर रंगवून सांगायचो. आई ऐकायची आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारायची, त्याचं तिखलं होईल का रे? माझी आई म्हणजे माशाची अशी भोक्ती की बांगड्याचं डोकं चोखताना तिच्याशी कोणी बोलायचं नाही. बाबा गेल्यानंतरही तिने मासे खाणं सोडलं नव्हतं. लोक काय म्हणायचे ते म्हणाले, ती म्हणाली, तुझ्या बाबांनाच आवडायचं नाही मी उपाशी राहिलेली.

गणपती उरकून ती तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. बॅगेत स्वतःच्या दोन साड्या कमी आणि तिरफळं, सोलं, घरचा मसाला जास्त. मला वाटलं, वा, तयारीनिशी आलीये.

आता माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मी आणि बायकोने डार्मश्टाटच्या बाजूला एक फ्लॅट पक्का केला होता. नोव्हेंबरात नोटारकडे, म्हणजे इथल्या नोटरीकडे, खरेदीच्या सह्या होणार होत्या. म्हणजे आता कायमचं इथेच. मुलगी इथल्या शाळेत रमलेली, मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी. तिला उचलून परत कुठे नेणार? हे सगळं बरोबर होतं, फक्त आईला सांगायचं राहिलं होतं. फोनवर सांगणं मला जमलं नव्हतं. म्हटलं, ती आली की एक झकास हेख्ट धरू, तिच्या हातचं तिरफळं घातलेलं झणझणीत तिखलं करू, ती पोटभर जेवली की सांगू. जेवलेल्या माणसाला वाईट बातमी पचते, असा माझा इंजिनियरी हिशोब. लाच द्यायला निघालो होतो, दुसरं काय.

पहिला हेख्ट लागला तो नवरात्रात. आई म्हणाली, नऊ दिवस मी नाही खात, तुम्ही खा. बरोबरच होतं. दुसरा लागला शनिवारी. शनिवार मारुतीचा. रविवारपर्यंत फ्रिजमध्ये ठेवला तर रविवारी संकष्टी निघाली. तिने तो साफ केला, शिजवला, नातीच्या ताटातले काटे एकेक करून काढले आणि स्वतः डाळभात जेवली. मला कॅलेंडरचा राग आला. खरंच सांगतो, कॅलेंडरचा.

त्या रात्री बायकोने विचारलं, तुझ्या काही लक्षात येतंय का? आईंनी आल्यापासून एकदाही मासा खाल्ला नाहीये. मी म्हटलं, वार आड येतात गं. तिने दिवा मालवला. मग मी बुधवारची सुट्टी टाकली. ना देवाचा वार, ना तिथी, ना सण. नंतर दिवाळीची गडबड सुरू होणार होती, त्याआधी एक स्वच्छ बुधवार.

त्या सकाळी आईही माझ्याबरोबर नदीवर आली. साडीवर माझं जाड जॅकेट, डोक्याला मफलर, घडीच्या स्टुलावर बसलेली. धुकं होतं. मी वळणावरच्या पडलेल्या झाडापाशी रबरी मासा सोडून हळू, अगदी हळू आणत होतो. दोरा एकदम जड झाला. पान अडकलं असेल असं वाटेपर्यंत रॉड वाकला. काठावर आला तेव्हा तो माझ्या हाताएवढा लांब होता. इथल्या नियमाप्रमाणे ठेवायचा मासा लगेच डोक्यात घाव घालून मारायचा असतो. मी मारला. हे मला दर वेळी जड जातं आणि तरी मी दर वेळी करतो. आई पुढे आली, त्याचे कल्ले उचलून पाहिले आणि खुशीने म्हणाली, ताजो फडफडीत. तिचा तो चेहरा बघून मला वाटलं, जिंकलो.

दुपारी घरभर तिरफळांचा वास सुटला. मुलगी शाळेत, बायको ऑफिसात, टेबलावर आम्ही दोघंच. आईने मला वाढलं. स्वतःच्या ताटात भात घेतला आणि डाळीची वाटी ओढली.

मग मात्र माझा तोल गेला. मी आवाज चढवून म्हटलं, आज बुधवार आहे, आज काय आहे? नदीचा मासा चालत नाही का तुला? सांग ना तसं!

ती घाबरली नाही. डाळीत भात कालवत म्हणाली की मासा तिने देवीपुढे सोडलाय. मी जर्मनीला निघालो त्या आठवड्यात तिने देवळात गाऱ्हाणं घातलं होतं, माझा मुलगा घरी परत राहायला येईपर्यंत मासा तोंडाला लावणार नाही. मी तेव्हा तिला प्रोजेक्ट दोन वर्षांचं आहे म्हणून सांगितलं होतं. खरंच होतं ते तेव्हा.

"दोन वर्सांचो तर प्रश्न होतो," ती म्हणाली.

मला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर सुट्टीत घरी गेल्यावर मी हाणलेली सुरमई. दर वर्षी. पहिल्या संध्याकाळपासून तळणं सुरू. आई नेहमी मागून, स्वयंपाकघरात जेवायची. तिच्या ताटात काय असतं हे मी एकदाही उठून पाहिलं नव्हतं. डोळे फुटले होते का माझे? जवळजवळ सात वर्षं ती माझ्यासाठी मासे तळत होती आणि तो वास घेत डाळभात खात होती. आणि मी मात्र फोनवर तिला हेख्ट कसा धरायचा ते सांगत होतो.

तेव्हा मी गप्प बसू शकलो असतो. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणू शकलो असतो, ती आशेवर राहिली असती आणि डाळ खात राहिली असती. ते मला सहन झालं नसतं, आणि खरं सांगणंही सहन होत नव्हतं. लाज वाटून वाटून शेवटी तोंडातून निघालं.

"आई, आम्ही आता परत येत नाही. इथे घर घेतोय."

तिने हातातला घास ताटात ठेवला. फ्लॅट केवढा आहे, नातीची शाळा बदलेल का, एवढंच विचारलं. मी उत्तरं दिली. मग ती उठली, बेसिनवर हात धुतले आणि हॉलमधल्या फळीवरच्या देवांसमोर जाऊन उभी राहिली. पुटपुटत देवीला काहीतरी सांगत होती. मला ऐकू आलं नाही आणि मी ऐकायला गेलोही नाही.

परत येऊन बसली. डाळीची वाटी बाजूला सारली आणि पातेल्यातून एक तुकडा वाढून घेतला, वर रस घेतला. सावकाश खाऊ लागली. करली माशाचे बारीक काटे काढायची तिची सवय, तशीच बोटं चालत होती, काटे ताटाच्या कडेला ओळीने लागत होते. दीड महिना मी हेच बघायला धडपडत होतो. आता माझ्याने बघवत नव्हतं.

"बरो आसा," ती म्हणाली. "काटे जास्त."

तिने दुसरा तुकडा घेतला. मग माझ्या ताटाकडे पाहिलं, तिथे सगळं तसंच होतं.

"तू कित्याक खाणस नाय? थंड होतला."

मी मान खाली घालून खायला लागलो.